दर तिसरे मूल? : भावनिक-वर्तनविषयक चाळणीची उर्दू प्रश्नावली आणि कराचीचा आकडा

सन २००७ मध्ये कराचीतील शाळकरी मुलांविषयीचा एक अभ्यास ‘सोशल सायकिअ‍ॅट्री अँड सायकिअ‍ॅट्रिक एपिडेमिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एहसान उल्ला सय्यद, साजिदा अब्दुल हुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. शहरातील ७ खासगी आणि ८ सामुदायिक शाळांनी सहभागास मान्यता दिली. ५ ते ११ वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांकडे एकूण १,४८८ संमतिपत्रे धाडण्यात आली. त्यांपैकी ६७५ पालकांनी होकार दिला. नंतर पालक आणि शिक्षक या दोघांनीही त्याच मुलांविषयी एक छापील प्रश्नावली भरली. पालकांच्या उत्तरांवरून ३४.४ टक्के आणि शिक्षकांच्या उत्तरांवरून ३५.८ टक्के मुले ‘असामान्य’ या गटात मोडली.

शिक्षकांच्या खोलीत हा आकडा वाचला गेला तर त्याचा हिशेब लगेच होतो. ४५ मुलांच्या वर्गात १५ मुले! उर्दू बोलणाऱ्या समाजातील दर तिसरे मूल मनाने आजारी आहे, असे वाक्य त्यातून बनायला वेळ लागत नाही. आणि एकदा ते बनले की कोणी ते समाजाच्या मागासलेपणाचा पुरावा म्हणून वापरतो, तर कोणी अपमान समजून सगळा विषयच झिडकारतो. अभ्यासकांनी मोजले होते ते मात्र निराळे. ते काय होते हे कळण्यासाठी त्या प्रश्नावलीची वंशावळ पाहावी लागते, आणि ती वंशावळ कराचीपासून फार दूर, इंग्लंडच्या दक्षिणेकडील एका बेटावर सुरू होते.

त्या बेटाचे नाव आइल ऑफ वाइट. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये तेथील १०-११ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. पद्धत दोन टप्प्यांची होती. आधी पालक व शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि ज्यांचे गुण ठरावीक मर्यादेपलीकडे जातील अशा मुलांची पुढे प्रत्यक्ष मुलाखतीने तपासणी करायची. रटर यांची शिक्षकांसाठीची २६ विधानांची प्रश्नावली १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. ९ किंवा अधिक गुण मिळालेले मूल पुढील तपासणीस पात्र ठरे. ‘पुढील तपासणीस पात्र’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. गहू चाळणीतून काढल्यावर चाळणीत जे उरते ते सगळेच खडे नसतात. ते निवडायला सुपात घ्यावे लागते. बेटावरील मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७ टक्के आढळले, ते या दुसऱ्या टप्प्यानंतर.

रटर यांची प्रश्नावली लवकरच जगभर गेली. लाहोरमधील शाळकरी मुलांविषयीचा जावेद, कुंदी आणि खान यांचा अभ्यास ‘जर्नल ऑफ द पाकिस्तान मेडिकल असोसिएशन’मध्ये १९९२ मध्ये आला, तो याच परंपरेतला. तेथे समस्याग्रस्त मुलांचे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे लाहोर १९९२ मध्ये ९ आणि कराची २००७ मध्ये ३४. पंधरा वर्षांत पाकिस्तानातील मुलांची मने चौपट बिघडली, असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. मधल्या काळात बदलले होते ते माप.

हे नवे माप म्हणजे ‘स्ट्रेंथ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर’, संक्षेपाने एसडीक्यू. इंग्लंडमधील बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. रटर यांच्या प्रश्नावलीत मुलाचे दोषच विचारले जात. आपल्या मुलाविषयी एकामागून एक वाईट विधाने वाचताना पालकाला बरे वाटत नाही, हे ओळखून गुडमन यांनी मुलाच्या चांगल्या बाजूही विचारल्या. विधाने एकूण २५. भावनिक त्रास, वर्तनातील अडचणी, अतिचंचलता, सवंगड्यांशी न जमणे आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती असे पाच विभाग, प्रत्येकात पाच विधाने. ‘खरे नाही’, ‘थोडेसे खरे’, ‘अगदी खरे’ यांपैकी एकावर खूण करायची. पहिल्या चार विभागांची बेरीज ० ते ४० मध्ये येते; पाचवा विभाग बेरजेत धरत नाहीत. कागद एका पानाचा आणि तोही फुकट. गरीब देशांतील अभ्यासकांना ती का आवडली, हे वेगळे सांगायला नको.

आता सीमारेषेचा प्रश्न. पालकांच्या प्रश्नावलीत १७ किंवा अधिक आणि शिक्षकांच्या प्रश्नावलीत १६ किंवा अधिक गुण म्हणजे ‘असामान्य’. हे १७ आणि १६ कोठून आले? ब्रिटनमधील सर्वसाधारण मुलांपैकी सुमारे ८० टक्के ‘सामान्य’, १० टक्के ‘सीमेवरील’ आणि १० टक्के ‘असामान्य’ गटात पडतील अशा बेताने त्या रेषा आखल्या गेल्या. दहा टक्के हा ब्रिटनमध्ये सापडलेला आकडा नव्हता, तो ठरवून घेतलेला होता. म्हणूनच कराचीतील ३४ टक्क्यांचा नेमका अर्थ इतकाच होतो की, ब्रिटिश पालकांपैकी दहाव्या हिश्श्याने आपल्या मुलांना जितके गुण दिले असते, तितके किंवा त्याहून अधिक गुण कराचीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पालकांनी दिले. ही बाब क्षुल्लक नाही. परंतु तो आजाराचा आकडा नव्हे.

त्या गुणांमागे मुलांचे खरे दुःख किती आणि भाषेचा, रीतीचा भाग किती, हे पाहण्यासाठी प्रश्नावलीच्या उर्दू रूपाकडे वळावे लागते. समद, हॉलिस, प्रिन्स आणि स्वतः गुडमन यांनी कराचीत या उर्दू आवृत्तीची कसोटी घेतली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उर्दू आवृत्ती उपयोगी ठरते, असा त्यांचा कौल होता. तो चुकीचा मानण्याचे कारण नाही. मात्र ‘उर्दू आवृत्ती’ म्हणताना कोणाची उर्दू, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पाकिस्तानच्या २०१७ च्या जनगणनेत उर्दू ही मातृभाषा असलेले लोक सुमारे ७ टक्केच होते. कराचीसारख्या शहरातही हे प्रमाण निम्म्याच्या आतबाहेरच राहत आले आहे. बाकीच्यांसाठी उर्दू ही शाळेची, बाजाराची आणि अर्ज-कागदांची भाषा. घरात पश्तो, सिंधी, पंजाबी, बलुची किंवा गुजराती. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार उर्दू मातृभाषा सांगणारे ५ कोटींहून थोडे अधिक. त्यांपैकी सुमारे ७५ लाख महाराष्ट्रात. पण बेळगाव, हुबळी, हैदराबादच्या घरांतून जी बोलली जाते ती दखनी. तिच्यातला ‘नक्को’ मराठीकडूनच गेला आहे. रत्नागिरी-रायगडकडील कोकणी मुसलमान घरात मराठीचीच एक बोली बोलतात आणि मुलांना उर्दू शाळेत घालतात. मालेगाव-भिवंडीच्या विणकर वस्त्यांतील बोलीला उत्तरेकडचा वळसा आहे. एक छापील उर्दू कागद या सगळ्या घरांत जातो, तेव्हा तो थोडाफार परक्या भाषेतलाच असतो.

शास्त्रीय उर्दूचा येथे एक वेगळाच इतिहास आहे. हैदराबादला १९१७ मध्ये अनुवाद विभाग, म्हणजे दारुल तर्जुमा, स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ. १९४८ पर्यंत तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी अरबी-फारसी धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द घडविले गेले. भारतीय भाषेत आधुनिक विद्या शिकविण्याचा तो मोठा आणि आजही पुरेसा गौरविला न गेलेला प्रयोग होता. त्या परंपरेतील भारदस्त उर्दूत मानसशास्त्राला ‘नफ्सियात’ आणि मानसिक आरोग्याला ‘ज़ेहनी सेहत’ म्हणतात. शब्द नेमके आहेत. परंतु आई दवाखान्यात येऊन ‘ज़ेहनी सेहत’ म्हणत नाही. ती म्हणते, बच्चे का जी घबराता है, दिल नहीं लगता, रात को चौंक के उठता है. प्रश्नावलीचा अनुवाद या दोन उर्दूंच्या मधोमध कोठेतरी उभा असतो.

अडचण एकट्या शब्दांची नाही, शब्दामागच्या मोलाचीही आहे. नव्या ठिकाणी मूल बुजते का, मोठ्यांना चिकटून राहते का, अशा आशयाचे एक विधान भावनिक त्रासाच्या विभागात आहे. ‘अगदी खरे’ म्हटले की दोन गुण त्रासाच्या खात्यात. पण पाहुण्यांसमोर आईच्या ओढणीआड उभी राहणारी आठ वर्षांची मुलगी ही पुष्कळ घरांत ‘हया’ आणि ‘लिहाज़’ असलेली गुणी मुलगी असते. आई हे विधान खरे म्हणते ते कौतुकाने. तसेच बरोबरीच्या मुलांपेक्षा मोठ्यांशी अधिक जमते का, हे विधान सवंगड्यांच्या अडचणींत मोजले जाते. एकत्र कुटुंबात आजीच्या हाताखाली वाढणाऱ्या मुलाबाबत त्याचा अर्थ काय घ्यायचा? निदान एक तरी चांगला मित्र किंवा मैत्रीण आहे का, याला शाळा सुटल्यावर घराबाहेर न पडणाऱ्या मुलीच्या आईने काय उत्तर द्यावे? चुलत-मामे बहिणी मैत्रिणींत धरायच्या की नाहीत, हे कागदावर लिहिलेले नसते.

उलट बाजूही आहे. मूल सांगितलेले ऐकते का, या प्रश्नात मुलाबरोबर आईच्या ‘तरबियत’चीही परीक्षा होते. ‘शरारती’ म्हणायला कोणी बिचकत नाही, त्या शब्दात खोडकरपणाचा लाड आहे. ‘बदतमीज़’ मात्र सगळ्या घराण्यावर जातो. असा प्रश्न परक्या माणसाने विचारला तर खरे उत्तर मिळेलच असे नाही. म्हणजे काही विधानांत गुण फुगतात, काहींत ते दबतात, आणि दोन्हींची बेरीज करून एक आकडा तयार होतो. प्रश्नावलीचे हक्क राखीव असल्याने परवानगीवाचून तिच्यातील शब्द बदलताही येत नाही. ते एका परीने योग्यच, नाहीतर जो तो आपापली फूटपट्टी बनवील.

पुन्हा कराचीच्या आकड्यांकडे. पालकांचे ३४.४ आणि शिक्षकांचे ३५.८ हे आकडे इतके जवळ आहेत की दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला असे वाटावे. पण आकडे सारखे म्हणजे मुलेही तीच, असे त्यातून सिद्ध होत नाही. टॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. आई आणि वडील यांच्या मतांतील सहसंबंध सरासरी ०.६० भरला, तर पालक-शिक्षक अशा निरनिराळ्या भूमिकांतील प्रौढांच्या मतांतला फक्त ०.२८. घरात एक मूल दिसते, वर्गात दुसरे. दोघेही खरेच सांगत असतात. कराचीच्या अभ्यासात मुलग्यांमध्ये वर्तनाच्या, बाहेर दिसणाऱ्या तक्रारी अधिक आणि मुलींमध्ये भावनिक तक्रारी अधिक असाही फरक दिसला. शिक्षकांच्या दृष्टीने यातली पहिली गोष्ट त्रासाची असते, दुसरी सोयीची. गप्प बसणाऱ्या मुलीबद्दल सहसा कोणी मुख्याध्यापकांकडे तक्रार नेत नाही.

ज्या ८१३ पालकांचा होकार आला नाही, त्यांच्या मुलांविषयी हा आकडा काहीच बोलत नाही. मुलाची काळजी वाटणाऱ्या पालकांनीच अधिक संख्येने होकार दिला असेल तर ३४ टक्के हे वास्तवापेक्षा जास्त आहे. घरात कलह, गरिबी, निरक्षरता असलेल्यांनी पत्र बाजूला ठेवले असेल तर ते कमी आहे. यांपैकी कोणता तर्क खरा, हे ठरविण्याचे साधन आकड्यात नाही.

याच सुमारास अरबी समुद्राच्या याच किनाऱ्यावर, गोव्यात, दुसरा एक अभ्यास चालू होता. पिल्लई, विक्रम पटेल, गुडमन आदींनी १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी केली. ती २००८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त आली. विकारांचे प्रमाण निघाले १.८१ टक्के. कराचीत ३४, गोव्यात २! वयोगट वेगळा आणि समाज वेगळा, हे खरे. परंतु मुख्य फरक असा की गोव्यात तपशीलवार मुलाखतीवरून निदान केले होते. कराचीत चाळणीवर थांबले होते, गोव्यात सुपापर्यंत गेले होते. मधला दुवा म्हणून ढाक्याचे गुडमन-मलिक यांचे काम पाहता येते. त्यांनी आधी बंगाली एसडीक्यू तपासली (२००१) आणि मग खेडे, शहर व झोपडपट्टी अशा तीन ठिकाणच्या ५ ते १० वर्षांच्या मुलांत दोन टप्प्यांनी पाहणी केली (२००५). उत्तर आले सुमारे १५ टक्के. म्हणजे दुसरा टप्पा घेतला की आकडा नेहमी दोनावरच येतो असेही नाही.

या कोड्याचा सर्वांत स्पष्ट उलगडा २०१२ मध्ये अ‍ॅना गुडमन व इतरांनी केला. बांगलादेश, भारत, ब्रिटन, ब्राझील, नॉर्वे, रशिया आणि येमेन या सात देशांतील माहिती त्यांनी एकत्र घेतली. या ठिकाणी एसडीक्यूचे गुण होते आणि मुलाखतीवर आधारलेले निदानही. प्रश्नावलीत एका देशाचे गुण दुसऱ्यापेक्षा जास्त आले म्हणून तेथे विकारही त्याच प्रमाणात जास्त असतात असे दिसले नाही. प्रत्येक लोकसमूहासाठी त्याच्याच मुलांवरून काढलेले मापदंड हवेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि हे सांगणाऱ्यांत स्वतः रॉबर्ट गुडमन होते. आपल्याच मापाची मर्यादा जाहीरपणे मोजून दाखविणे ही गोष्ट विद्वानांत वाटते तितकी सर्रास आढळत नाही.

मग ती प्रश्नावली टाकाऊ ठरते का? तसे नाही. एकाच शाळेत, एकाच भाषेत, एकाच वयाच्या मुलांत कोणाकडे आधी लक्ष द्यावे हे सांगायला ती आजही उपयोगी आहे. गुडमन यांनी १९९९ मध्ये तिला एक पुरवणी जोडली. या अडचणींमुळे मुलाला स्वतःला त्रास होतो का, घरी, मित्रांत, अभ्यासात अडथळा येतो का, आणि किती दिवसांपासून, असे प्रश्न तीत आहेत. ओढणीआड लपणारी हयादार मुलगी आणि शाळेच्या भीतीने रोज सकाळी उलटी करणारी मुलगी यांतला फरक पंचवीस विधानांपेक्षा या पुरवणीतून लवकर कळतो. पण टक्केवारीच्या घाईत सर्वप्रथम गळते ती ही पुरवणीच.

चाळणीचे साधे गणितही ध्यानात घेण्यासारखे आहे. समजा शंभर मुलांत खरोखर अडचणीत असलेली १० आहेत. चाळणीने त्यांतील ८ अचूक पकडली आणि उरलेल्या ९० मधली १८ चुकून पकडली, तर चाळणीवर २६ मुले येतात. त्यांतील १८ निरोगी. त्यांची नावे वर्गात फुटली, तर ज्या मुलांना काहीच नव्हते त्यांना एक बिरुद मिळते. आणि जी दोन मुले निसटली त्यांच्याविषयी सर्वजण निर्धास्त होतात. पहिल्या टप्प्यानंतर दुसरा टप्पा घेणारा माणूस आसपास नसेल, तर शाळेने सरसकट प्रश्नावली भरून घेण्यात लाभ किती आणि इजा किती, याचा हिशेब आधी केलेला बरा.

पाकिस्तानातच याआधी एक वेगळी वाट चोखाळली गेली होती आणि तिची चर्चा आकड्यांइतकी झाली नाही. रावळपिंडीचे मनोविकारतज्ज्ञ मलिक मुबश्शर यांनी १९८० च्या दशकापासून ग्रामीण शाळांत मानसिक आरोग्याचे काम उभे केले होते. त्यात मुलांना चाळण्यापेक्षा शिक्षकांना शिकविण्यावर आणि मुलांकडूनच विषय घरोघर पोहोचविण्यावर भर होता. आतिफ रहमान, मुबश्शर, गेटर व गोल्डबर्ग यांनी त्या कार्यक्रमाची रीतसर चाचणी घेतली आणि ‘द लॅन्सेट’मध्ये १९९८ साली निकाल दिला. कार्यक्रम झालेल्या शाळांतील मुलांची समज वाढलीच. शिवाय त्यांचे पालक, मित्र आणि ज्यांचा शाळेशी काही संबंध नव्हता असे शेजारी यांचीही वाढली. ज्या भागात पुष्कळ आईबाप स्वतः वाचू शकत नव्हते, तेथे वर्गातले मूल हाच निरोप्या ठरला. साजिदा हुसेन यांनीही कराचीच्या पाहणीनंतर प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे मोर्चा वळविला. मुलांच्या सामान्य मानसिक अडचणी शिक्षकांना वेळीच ओळखता याव्यात यासाठीचा त्यांचा व पानोस वोस्टानिस यांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. ३४ टक्क्यांचा आकडा ज्यांनी काढला, त्यांतल्याच एकीने पुढची पावले आकडा वाढविण्यात खर्ची घातली नाहीत.

भारतात याच वर्षी, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, ती त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन तपासणी करणारी फिरती पथके त्यात आहेत. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. सरकारी व अनुदानित उर्दू शाळांतही ही पथके जातात. जन्मजात व्यंगे, कमतरता, रोग आणि विकासातील विलंब मिळून सुमारे तीस स्थितींची त्यांची यादी आहे. तीत स्वमग्नता आहे, अध्ययनातील अडचण आहे, अतिचंचलता आहे. भीती, उदासी, शोक हे तीत नाहीत. रोज सकाळी पोट दुखते म्हणणाऱ्या मुलीचे पोट पथकातील डॉक्टर दाबून पाहतात, जंताची गोळी लिहून देतात आणि पत्रकावर तिच्या नावापुढे ‘दोष नाही’ अशी नोंद होते. तिला दखनीत दोन वाक्ये विचारू शकेल अशी व्यक्ती त्या खोलीत बहुधा एकच असते, ती म्हणजे तिची वर्गशिक्षिका. आणि अध्यापक विद्यालयातील तिच्या दोन वर्षांत पोटदुखीचा हा अर्थ तिला कोणी शिकविलेला असतोच असे नाही.